टेली-मानस (१४४१६): दुर्धर आजार असलेल्या घरातून पाहताना

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्याविषयी माझ्या वाचनात जे काही आले, ते बहुतांशी परीक्षेचा ताण, नोकरीतील अडचणी, कर्ज किंवा कौटुंबिक कलह यांच्या संदर्भात होते. घरात कर्करोगाचा किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचा रुग्ण आहे, उपचार चालू आहेत, आणि हा माणूस आता जगण्यालाच कंटाळला आहे अशी शंका घरच्यांना येऊ लागली आहे, अशा वेळी ही सेवा कितपत उपयोगी पडते, याविषयी मात्र मला कोठे फारसे वाचायला मिळाले नाही. म्हणून हे परीक्षण त्याच एका बाजूने लिहिले आहे. ज्यांच्या आजारपणामुळे हा अनुभव आला त्या माझ्या काकांनी मजकूर वाचून परवानगी दिली आहे, आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने दुरुस्त्याही केल्या आहेत.

काकांना जिभेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग काढावा लागला, त्यानंतर मानेला आणि जबड्याला रेडिएशन दिले गेले. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून भागला, परंतु शहरात राहण्याचा, गाडीभाड्याचा आणि नळीतून द्यावयाच्या आहाराचा खर्च घरानेच सोसला. त्याविषयी काका रोज मनातल्या मनात हिशेब मांडत असत, हे पुढे कळले. ते आमच्या गावच्या दूध संस्थेचे अनेक वर्षे सचिव होते. वार्षिक सभेत अहवाल वाचून दाखवणे, विरोधकांच्या प्रश्नांना जागच्या जागी उत्तर देणे आणि सभा संपल्यावर त्याच विरोधकांना चहाला घेऊन जाणे, ही त्यांची ओळख होती. रेडिएशन संपल्यानंतर त्यांचे बोलणे काकूंखेरीज कोणालाच नीट समजेना. तोंड दोन बोटांइतकेही उघडत नव्हते, लाळ सतत ओघळत असे, आणि पंक्तीला बसणे तर त्यांनी आपणहून बंद केले. दुधाच्या जुन्या नोंदवहीच्या कोऱ्या पानांवर ते लिहून बोलू लागले.

या अवस्थेत धोका किती असतो, याची कल्पना आम्हाला नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतील १८.४ टक्के नोंदींत आजारपण हे कारण लिहिलेले आहे. कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल हेच कारण येते. या वर्गात मानसिक आजारही धरलेले असल्यामुळे केवळ शारीरिक आजाराचा वाटा त्यातून सरळ काढता येत नाही, शिवाय पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिण्याची पद्धत असल्याने कर्ज, वेदना आणि एकटेपणा ही एकमेकांत गुंतलेली कारणे त्यात दिसत नाहीत. यापेक्षा स्पष्ट चित्र स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासातून मिळते. १९९१ ते २००६ या काळातील साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कर्करोगाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत १२.६ पट आढळला, तर पहिल्या वर्षभरात तो ३.१ पट होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२२ मध्ये इंग्लंडविषयी दिलेल्या आकडेवारीत, जगण्याची शक्यता कमी असलेल्या कर्करोगांच्या रुग्णांमध्ये निदानानंतरच्या वर्षभरात हा धोका २.४ पट होता, आणि दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णांमध्येही जवळपास तेवढाच होता. अमेरिकेतील डायलिसिसच्या रुग्णांच्या नोंदींतही पहिले तीन महिने सर्वाधिक जोखमीचे आढळले आहेत. हे सर्व आकडे तुलनेचे आहेत. प्रत्यक्षात गंभीर आजार असलेल्यांपैकी फार थोडे लोक त्या टोकाला जातात, हेही तितकेच खरे आहे. परंतु कोणत्या काळात अधिक लक्ष द्यायचे, हे यातून कळते.

नेमक्या त्याच काळात आमच्याकडे कोणीही लक्ष दिले नाही. ज्या रुग्णालयात उपचार झाले (नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण इतर ठिकाणचे अनुभव ऐकल्यावर हे एकाच रुग्णालयापुरते आहे असे मला वाटत नाही) तेथे प्रत्येक तपासणीत जखम पाहिली जाई, वजन घेतले जाई, नळीची जागा तपासली जाई, पण मन कसे आहे हे कोणी विचारले नाही. एकदा काकूंनी भीतभीत सांगितले की हे रात्रभर छताकडे बघत पडलेले असतात. त्यावर, एवढे मोठे ऑपरेशन झाल्यावर असे होणारच, कोणालाही होईल, असे उत्तर मिळाले. ते सहानुभूतीनेच दिलेले होते. तरीही आजारी माणसाला उदास वाटणे स्वाभाविक आहे आणि म्हणून त्यावर काही करण्याची गरज नाही, ही समजूत या सगळ्या प्रकरणातील सर्वांत घातक गोष्ट आहे असे माझे मत झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखणेही स्वाभाविकच असते. म्हणून कोणी वेदनाशामक औषध देणे थांबवत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आत्महत्येची पूर्वसूचना देणारी म्हणून जी लक्षणे सर्वत्र सांगितली जातात, ती दुर्धर आजाराच्या घरात जवळजवळ निरुपयोगी ठरतात. झोप उडणे, भूक जाणे, थकवा, लोकांत न मिसळणे ही रेडिएशनचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. नैराश्य मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतील निम्म्याच्या आसपास प्रश्न झोप, भूक, थकवा अशा शारीरिक बाबींचेच आहेत. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाचे गुण त्याचे मन बरे असतानाही वाढू शकतात, आणि खरोखर खचलेल्या रुग्णाचे गुण आजाराच्या खात्यावर टाकून सोडूनही दिले जाऊ शकतात. कामे आवरती घेणे, वस्तू वाटून टाकणे, निरोपाची भाषा बोलणे या गोष्टींचेही तसेच आहे. काकांनी सोसायटीच्या शेअर्सना वारस लावले, सातबाऱ्यावरील एक जुनी चूक दुरुस्त करून घेतली आणि मनगटी घड्याळ माझ्या चुलतभावाला दिले. सगळे म्हणाले, माणूस व्यवस्थित आहे, मागे घोळ ठेवणार नाही. साठी उलटलेल्या कर्करोगाच्या रुग्णाने हे केले तर त्यात संशय घेण्यासारखे काय आहे? काहीही नाही, आणि म्हणूनच अशा घरात केवळ निरीक्षणाने काही कळत नाही. तोंडाने विचारावे लागते, आणि ते कसे विचारावे हे आपल्यापैकी कोणालाच येत नसते.

एका रात्री काकांनी वहीत लिहिलेले वाक्य काकूंनी मला दाखवले: "माझ्यामुळे तुम्ही सगळे अडकलात, आता मोकळे व्हा." त्यानंतर मी १४४१६ हा क्रमांक लावला. सेवा चोवीस तास चालते, मराठीसह वीस भाषांत उपलब्ध आहे, आणि फोन लागल्यावर भाषा निवडता येते. राज्यातील केंद्रात बसलेले प्रशिक्षित समुपदेशक पहिल्या टप्प्यावर फोन घेतात. गरज पडल्यास दुसऱ्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवले जाते. या सगळ्याची शिखर संस्था बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था आहे. हा आराखडा कागदावर चांगला दिसतोच, पण माझा प्रश्न होता की फोन घेणारी व्यक्ती जिभेच्या कर्करोगाचे नाव ऐकून काय म्हणेल.

फोन एका बाईंनी घेतला. त्यांनी सुरुवातीलाच विचारले की काका आत्ता कोठे आहेत, एकटे आहेत का, आणि मी त्यांच्यापासून किती अंतरावर आहे. या क्षणी जिवाला धोका नाही एवढी खात्री करून घेतल्यावरच त्या पुढे गेल्या. मी त्यांना वहीतील वाक्य वाचून दाखवले. त्यावर त्यांनी धीर देणारे एकही वाक्य उच्चारले नाही, आणि मला ते आवडले. त्यांनी विचारले, "दादा, तुम्ही काकांना सरळ विचारलंय का, की जीव द्यायचा विचार मनात येतो का म्हणून?" मी म्हणालो की असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखे होईल. त्या म्हणाल्या, "विचारल्यानं तो विचार येत नाही. असला, तर तो एकट्यानं धरून बसायची वेळ त्यांच्यावर येत नाही."

त्यानंतरचा बराच वेळ त्यांनी मला विचारायचे कसे हेच शिकवण्यात घालवला, आणि माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे. आपल्याकडे वयस्कर माणसे "देवानं आता सोडवावं", "सुटलो एकदाचा तर बरं" असे सहज बोलतात, आणि दीर्घ आजारात तर ते रोजचेच होते. मरण यावे असे वाटणे, आपणच काही करावे असे वाटणे, आणि काय करायचे हे ठरवून ठेवणे या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत, आणि रुग्ण यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, असे त्यांनी समजावले. प्रश्न गोल-गोल फिरवून विचारू नका, "तसलं काही मनात नाही ना?" असे नकार गृहीत धरून तर मुळीच विचारू नका, कारण आजारी माणूस तुम्हाला हवे तेच उत्तर देईल, उत्तर ऐकल्यावर लगेच मुलाबाळांची शपथ घालू नका, काकू खोलीत असताना विचारू नका, अशा सूचना त्यांनी दिल्या. काकांना बोलता येत नाही हे ऐकल्यावर त्यांनी सुचवले की प्रश्नही लिहूनच विचारा, म्हणजे दोघे एकाच पातळीवर येतील. हे मला सुचले नसते. घरातील औषधांचा साठा कोठे आहे, शेतीच्या सामानाच्या खोलीचे कुलूप कोणाकडे असते, हेही त्यांनी विचारले आणि किल्ल्या व औषधे एका जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवण्यास सांगितले. फार तीव्र विचार बहुधा काही काळ उसळून पुन्हा ओसरतात आणि तेवढ्या काळात हाताशी काही नसणे यानेही जीव वाचतात, हे त्यामागचे कारणही त्यांनी सांगितले.

सकाळी मी वहीत प्रश्न लिहिला. काका बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले, मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खाली सविस्तर उत्तर लिहिले. त्यातील मजकूर येथे देण्याचे कारण नाही. विचार होता, आणि तो दुसऱ्या पायरीवर होता, एवढे सांगणे पुरेसे आहे.

पोलिसांच्या भीतीविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या घरातही पहिली प्रतिक्रिया "बाहेर कळता कामा नये, केस होईल" अशीच होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला असून, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्याच्या कलम ११५ नुसार गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा ठरवणारे जुन्या दंडविधानातील कलम ३०९ उरलेलेच नाही. नुसता विचार बोलून दाखवणे हा तर कधीच गुन्हा नव्हता. फोनवर पूर्ण नाव-पत्ता सांगण्याचा आग्रह मला झाला नाही.

ठरल्याप्रमाणे टेली-मानसकडून पुन्हा फोन आला आणि आम्हाला सिव्हिलमधील मानसोपचार विभागाची वेळ मिळाली. तेथील डॉक्टरांनी काकांना वही उघडायला लावून त्यांच्याशीच संवाद केला, काकूंना आणि मला मध्ये बोलू दिले नाही. त्यांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. मानेला रेडिएशन दिल्यानंतर काही महिन्यांनी थायरॉईडचे काम मंदावणे ही चांगलीच परिचित गोष्ट आहे, आणि त्यातून येणारा जडपणा, उदासी व थंडी वाजणे हे सगळे नैराश्यासारखेच दिसते. काकांचा अहवाल बिघडलेलाच निघाला. थायरॉईडची गोळी, नळीतून देता येईल असे नैराश्यावरील औषध, आणि रात्रीच्या वेदनेसाठी वाढवून दिलेली मात्रा असे तीन बदल झाले. या तिन्हींपैकी कशाने किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही, पण काही आठवड्यांनी काका रात्री झोपू लागले आणि वहीत दूध संस्थेच्या नव्या सचिवाच्या चुका लिहू लागले. काकूंच्या मते हेच सुधारल्याचे लक्षण होते.

आता उणिवांविषयी. पहिली उणीव सेवेच्या स्वरूपातच आहे. ही मुळात आवाजाची सेवा आहे, आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग ज्या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर होतो, तेथे ज्यांचा आवाजच गेला आहे असे रुग्ण तिच्यापर्यंत स्वतः पोहोचू शकत नाहीत. पक्षाघाताने वाचा गेलेले, कानाने अधू असलेले, श्वास अपुरा पडल्यामुळे सलग दोन वाक्ये न बोलू शकणारे रुग्ण यांचीही हीच गत आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेचे मोबाइल ॲप आले आणि व्हिडिओद्वारे सल्ल्याची सोय सुरुवातीला कर्नाटक, तमिळनाडू आणि जम्मू-काश्मीर येथे झाली. परंतु लिहून बोलणाऱ्या माणसाची खरी गरज चेहरा दिसण्याची नसून सावकाश लिहिण्याची असते. म्हणून माझ्या मते दुर्धर आजाराच्या बाबतीत ही सेवा प्रत्यक्ष रुग्णापेक्षा त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाची आहे, आणि तिने आपली ओळखही तशी करून द्यायला हवी. "तुमच्या घरात कोणी आजारी आहे का?" असा फलक कर्करोगाच्या ओपीडीबाहेर आणि डायलिसिसच्या खोलीत लागला, तर तो महाविद्यालयाच्या फलकाइतकाच उपयोगी पडेल.

दुसरी मर्यादा अशी की समुपदेशकाला आजाराची माहिती असेलच असे नाही, आणि तशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. नळी, ड्रेसिंग, औषधांचे परस्पर परिणाम यांबद्दल विचारल्यास ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवतील. वेदना आटोक्यात नसेल तर मनावरचा कोणताही उपचार अपुरा पडतो, आणि तेथे गरज असते ती पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांची. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांसाठी अशी मोफत सेवा देणारे सिप्लाचे केंद्र आहे. तीव्र वेदनेवरील मॉर्फिन हे औषध मिळण्यातील कायदेशीर अडथळे २०१४ च्या दुरुस्तीने कमी झाले आहेत. तरीही तालुक्याच्या गावी ही सोय शोधावी लागते, आणि वेदनेवरील उपचार व मनावरील उपचार एकाच छपराखाली मिळणे अजून नशिबाचाच भाग आहे. रुग्णालयांनी निदान सांगताना आणि घरी सोडताना मन कसे आहे हा एक प्रश्न विचारण्याची पद्धत पाडली, तर कित्येकांना रात्री फोन शोधण्याची वेळ येणार नाही. ती उणीव टेली-मानसची नव्हे, रुग्णालयांची आहे.

तिसरी गोष्ट, फोन दारात येऊ शकत नाही. रुग्णाने स्वतःला काही केले असेल किंवा करण्याच्या बेतात असेल तर आधी १०८ किंवा ११२ लावावा, रुग्णाला एकटे सोडू नये, आणि मग बाकीचे.

काकूंविषयी एक उल्लेख राहिला. पुढच्या एका फोनमध्ये समुपदेशक बाईंनी मला थांबवून काकूंना फोन द्यायला सांगितला आणि त्यांची झोप, त्यांचे जेवण, त्यांच्याकडे दिवसभरात कोण येते-जाते हे विचारले. नळीतून दर तीन तासांनी आहार देणाऱ्या बाईला हे कोणी विचारलेले नव्हते. काकू आत जाऊन दार लावून बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. त्यानंतर दुपारचा एक आहार माझ्या चुलतभावाने द्यायचा असे घरात ठरले.

सेवेसाठी पैसे लागत नाहीत. १४४१६ लागत नसेल तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांक आहे. दुर्धर आजाराच्या रुग्णासाठी फोन करत असाल तर चालू औषधांची यादी, शेवटच्या डिस्चार्ज कार्डावरील निदान आणि रुग्णाने जे शब्द वापरले किंवा लिहिले ते जसेच्या तसे हाताशी ठेवावेत. शक्य असल्यास रुग्णापासून थोडे दूर, पण तो नजरेच्या टप्प्यात राहील अशा ठिकाणी बसून बोलावे. जिल्ह्याच्या मानसोपचार विभागात जाताना उपचारांची जुनी फाईल बरोबर न्यावी, आणि मानेला किंवा डोक्याला रेडिएशन झाले असल्यास ते आपणहून सांगावे.